१८४३ सालचं गिऱ्हाईक

मेकॅनिकलच्या मुलीचं अकाउंटिंग फर्ममध्ये काय काम, असं मेसमध्ये सगळ्यांनी विचारून झालं. आणि मी तर ऑफिसची पायरीही चढले नाही! केपीएमजी ऑस्ट्रेलियाची डेटा अॅनालिटिक्सची व्हर्च्युअल इंटर्नशिप, फोरेजच्या साइटवर. फुकट. ना इंटरव्ह्यू, ना स्टायपेंड. हॉस्टेलचं वाय-फाय मेहेरबान असेल त्या रात्री करायची.

सायकली विकणारी स्प्रॉकेट सेंट्रल नावाची एक काल्पनिक कंपनी. तिच्या एक्सेल फाइलमधले घोळ शोधायचे आणि क्लायंटला ई-मेल लिहायचा. एकाच रकान्यात कुठे 'एफ', कुठे 'फिमेल'. राज्य कुठे 'एनएसडब्ल्यू', तर कुठे अख्खं 'न्यू साउथ वेल्स'. एका गिऱ्हाइकाचा जन्म तर चक्क १८४३ चा!

मी हसत हसत आईला फोनवर सांगितलं. ती पतसंस्थेत खाती लिहिते. ती हसली नाही. "रेघ मारून टाकू नकोस गं. आधी त्यांना विचार. एकोणीसशे त्रेचाळीस असेल." (कॉन्व्हेंटच्या कृपेने 'त्रेचाळीस' म्हणजे किती, हे मला अजून मनात इंग्रजी करून बघावं लागतं.)

ई-मेलमध्ये मी तेच लिहिलं. सबमिट केल्यावर नमुना उत्तर उघडतं, आपलं आपण ताडून बघायचं. तपासणारं कोणी नसतं, हे आधीच माहीत होतं. तरी दोन दिवस इनबॉक्स बघत होते. व्हायवाला निदान सर ओरडतात तरी!

सर्टिफिकेट बायोडेटात घातलंय. प्लेसमेंटला कोणी विचारलं, "तिथे तुमचे साहेब कोण?", तर आईचं नाव सांगणार आहे.