पार्श्वभूमीतल्या कामाचा धनी कोण?

नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने विकसित केलेले ‘एक्सपआईज’ हे उपकरण यूएसबीने संगणकाला जोडले की भौतिकशास्त्राची छोटी प्रयोगशाळाच टेबलावर उभी राहते. असे उपकरण जोडताच नोंदी आपोआप सुरू व्हाव्यात, म्हणून लिनक्स वापरणारा विद्यार्थी अनेकदा एक सोपी युक्ती योजतो. नवे उपकरण आल्याची वर्दी कर्नल ‘यूडेव’ला देतो. यूडेवच्या नियमात ‘रन’पुढे स्क्रिप्टचे नाव लिहायचे आणि स्क्रिप्टने नोंदींचा प्रोग्राम पार्श्वभूमीत सोडून बाजूला व्हायचे.

पूर्वी हे चालून जाई. २०१२ मध्ये यूडेव ‘सिस्टमडी’ प्रकल्पात विलीन झाले आणि पुढे शिस्त कडक झाली. आता घटनेची हाताळणी संपली की तिच्यातून जन्मलेल्या प्रक्रिया सरसकट बंद केल्या जातात. ‘नोहप’ वापरून किंवा जनक प्रक्रियेशी नाते तोडूनही सुटका होत नाही. कर्नलच्या नियंत्रण गटांमुळे प्रत्येक प्रक्रियेचे कूळ ठाऊक असते.

हा दोष फसवा असतो. हाताने चालवलेली तीच स्क्रिप्ट निर्दोष ठरते. उपकरण जोडल्यावर मात्र तिने सुरू केलेला प्रोग्राम क्षणभर जगून मुकाट्याने संपतो. रात्रभराच्या प्रयोगाची फाइल सकाळी रिकामी सापडते आणि संशय जातो उपकरणावर, तारेवर, प्रसंगी स्वतःच्या कुवतीवर.

या कठोरपणामागे कारण आहे. एका घटनेचे काम लांबले तर त्याच उपकरणाच्या पुढच्या घटना खोळंबतात. म्हणून यूडेवने निरोप्याचे काम करावे, दीर्घ कामाची जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी, ही विभागणी रास्त आहे. नोंदींच्या प्रोग्रामसाठी स्वतंत्र ‘सर्व्हिस’ फाइल लिहावी. यूडेवच्या नियमात ‘सिस्टमडी’ हा टॅग जोडून ‘सिस्टमडी वाँट्स’ या चलात त्या सेवेचे नाव द्यावे. सेवेच्या फाइलमध्ये ‘बाइंड्स टू’ने उपकरणाशी गाठ बांधली, तर उपकरण काढताच सेवाही थांबते. बिघाड झालाच, तर त्याचा माग ‘जर्नल’मध्ये काढता येतो.

प्रयोगात मोजमापाइतकेच मोजणाऱ्या साधनाचेही भान लागते, आणि स्क्रिप्ट हे त्या साधनाचेच एक अंग आहे. तराजू जागेवरून हलवला की वजन करण्यापूर्वी तो पुन्हा तपासतात. संगणकाची प्रणाली अद्ययावत केल्यावरही प्रयोग रात्रभर सोडण्याआधी उपकरण एकदा काढून पुन्हा जोडावे आणि नोंदींची फाइल वाढते आहे की नाही, ते पाहावे.