डावऱ्या हाताची कुऱ्हाड

कुऱ्हाड म्हटली की शहरातल्या माणसाला एकच वस्तू दिसते. आमच्याकडं तिची जात बघून काम ठरतं. झाड पाडायची कुऱ्हाड पातळ पात्याची, लाकडात खोल शिरणारी. जळण फोडायची जाड, पाचरीसारखी. तिनं ओंडका फाकवायचा असतो. बाभळीच्या फांद्या छाटायची हलकी, एका हातानं चालणारी. एकीचं काम दुसरीला सांगितलं तर धार जाते नाहीतर दांडा मोडतो.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही जुनं माळवदाचं घर उतरवलं. मधल्या तुळईच्या टोकामागं, भिंतीच्या मातीत एक कुऱ्हाड निघाली. दांडा वाळवीनं खाल्लेला, नुसतं लोखंड राहिलेलं. पुतण्या खूश झाला. “नाना, ही लढाईची हाय. आपल्या वाडवडलांचं हत्यार. नव्या घरात हॉलमध्ये लावू.” दोन दिवसांत गावभर झालं की आमच्या घरात शिवकाळातली फरशी सापडली.

मी दहावी शिकलेला माणूस, इतिहास मला फार येत नाही. पण लोखंड कळतं. दोन दिवस ती रॉकेलमध्ये ठेवली, तारेच्या ब्रशानं घासली आणि उजेडात धरली.

आधी नेढं बघितलं. लोखंडाची पट्टी दुमडून, तापवून सांधल्याची बारीक रेघ आत दिसत होती. म्हणजे लोहारानं ऐरणीवर घडवलेली. मग धारेवर कानस फिरवली. धारेजवळ कानस घसरायची, अंगठाभर मागं गेलं की धरायची. धारेला पोलाद, मागं मऊ लोखंड. पोलाद महाग, म्हणून लागेल तेवढंच घालायचे. मागचा माथा बघितला तर ठोकल्याची खूण नाही. पाचर ठोकायला वापरलेल्या कुऱ्हाडीचा माथा छत्रीसारखा पसरतो. म्हणजे ही जळणाची नव्हे.

खरी गोष्ट धारेत होती. तिची एक बाजू पाटीसारखी सपाट, उतार फक्त दुसऱ्या बाजूला. असली धार लढाईत काय कामाची? ही ओंडका चौरस करायची, सुताराची कुऱ्हाड. काव लावलेल्या सुतानं ओंडक्यावर रेघ मारायची आणि सपाट बाजू लाकडाला लावून त्या रेघेपर्यंत तासत जायचं. उजव्या हाताचा माणूस ओंडका डावीकडं ठेवतो, म्हणून त्याच्या कुऱ्हाडीची डावी बाजू सपाट असते. हिची उजवी सपाट होती. नेढं एकीकडं रुंद, दुसरीकडं निमुळतं, म्हणजे दांडा उलटा घालून बाजू बदलायचीही सोय नव्हती. ही डावऱ्या माणसासाठी मुद्दाम घडवून घेतलेली.

आमचा आज्जा उजव्या हाताचा. “हे घर आज्जानं बांधलं,” असं आमच्या तीन पिढ्या सांगत आल्या.

धारेत ज्वारीच्या दाण्याएवढी एक खाच होती. मी अंगणात उतरवून ठेवलेल्या तुळयांकडं गेलो. मधल्या तुळईवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली. तासल्याच्या प्रत्येक घावात एक बारीक उंच रेघ, एकाच जागी. कुऱ्हाड लावून बघितली. खाच रेघेवर बसली.

ह्या तुळईची गोष्ट सांगायला पाहिजे. 1993 साली 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आम्ही नऊ माणसं त्याच खणात झोपलो होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, सगळे दमलेले. रस्त्याकडची दगडी भिंत बाहेर पडली. पण माळवदाचा भार भिंतीवर नव्हता, तो खांबांवर होता. खांब हलले, कुसं सुटली नाहीत, तुळई जागची सरकली नाही. आमच्या डोक्यावर वरची एवढी माती होती, ती वरच राहिली. किल्लारीकडं किती घरांत तसं झालं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आई तेव्हा म्हणाली, “देवानं राखलं.” ते खरंच. पण देवाच्या हाताखाली एक डावरा सुतार होता, आणि त्याचं नाव आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. खळ्यावर बलुतं घालताना त्याच्या पदरात ज्वारी पडली असेल, तेवढाच हिशोब.

गावात सुताराची एकच म्हातारी उरली आहे. तिला विचारलं. ती लगेच म्हणाली, “माझा आजेसासरा डावरा. सगळे त्याला डावऱ्याच म्हणायचे. त्याचं सामान दुसऱ्याला चालायचं न्हाई.”

पुतण्याला सगळं दाखवलं. तो हिरमुसला, पण खाच आणि रेघ त्यानं स्वतःच्या बोटानं चाचपली. मग गप्प बसला. तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला द्यायचं ठरलं होतं. बाकीच्या दिल्या. मधली त्यानंच ठेवून घेतली. नव्या घराच्या ओसरीवर बसायला ती आहे.

कुऱ्हाड मी म्हातारीच्या नातवाला नेऊन दिली. त्याचं तालुक्याला फर्निचरचं दुकान आहे, काम सगळं प्लायवूडचं. त्यानं ती दोन्ही हातांत फिरवून बघितली आणि विचारलं, “नाना, दांड्याला धावडा कुठं मिळंल?”

धावड्याचं लाकूड मी अजून शोधतो आहे.