आजीची कुंकवाची वाटी

सुट्टीत मी तुळजापूरला मामांकडे गेलो होतो. मामा सुतार आहेत. आजीला कुंकवासाठी लाकडी वाटी पाहिजे होती. मी म्हणालो, "मामा, मी करू का?" मामा म्हणाले, "कर की. पण बाह्या वर घे आधी."

बाभळीचा ठोकळा वर्षभर सावलीत वाळवलेला होता. ओले लाकूड कातले तर वाटी पुढे तडकते. यंत्र फिरू लागले. मी पटाशी लावली, तर ती एकदम आत घुसली आणि काठाचा टवका उडाला! मला रडूच आले. मामा रागावले नाहीत. "हात टेकवून धर, घाई नको," एवढेच म्हणाले. मग काठ खाली उतरवला.

काचकागद आधी जाड, मग बारीक लावला. शेवटी फिरत्या वाटीवर लाखेची कांडी दाबली. विस्तव नाही, तरी घासून घासून लाख वितळली! सावंतवाडीचे लाखकाम फार प्रसिद्ध आहे. लाख बारीक किडे तयार करतात, पळसावर नि बोरीवर. आमच्या शिवारात पळस आहेत, पण लाख मला कधी दिसली नाही.

आजी म्हणाली, "एवढी बुटकी का रे?" मामा गप्पच. मीच खरे सांगितले. आजीने वाटीत कुंकू भरले आणि देवापुढे ठेवली.