रांजण भरला का?

यांच्या बदलीचा कागद आला तेव्हा माझी आई दादरच्या आमच्या दोन खोल्यांत कपाळाला हात लावून बसली. "पैठण? अगं, तिथं लोक साडी घ्यायला जातात, राहायला नाही!" ही गोष्ट १९८३ सालची. धाकट्या बहिणीला मात्र कोण आनंद! तिला वाटलं, ताई आता दर दिवाळीला एक पैठणी धाडणार. (तिला अजून एकही पोचलेली नाही, हे जाता जाता सांगून टाकते.)

तेव्हाच्या औरंगाबादेहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, पन्नासेक किलोमीटर एस.टी.नं खडखडत आम्ही पैठणला उतरलो. कडेवर दोन वर्षांचा मुलगा, हातात स्टोव्ह. एका जुन्या वाड्यात दोन खोल्या मिळाल्या. ट्रंका अजून दोरीतून सुटल्या नव्हत्या, तोच दारात तीन बायका. माहेर कुठलं, यांना पगार किती, मूल एकच का, हातातल्या पाटल्या सोन्याच्या की पाणी दिलेल्या? चाळीत वाढलेली मी, तशी चौकशीला घाबरणारी नव्हे, पण इथं मात्र हातच टेकले! मंडईतून पाव किलो भेंडी आणली तर घर येईपर्यंत कुणीतरी विचारायचंच, "भेंडी का बाई आज? परवा पण भेंडीच होती ना?"

रात्री मी यांच्याजवळ कुरकुर करी. "गाव आहे की पोलीस चौकी?" हे पेपरातून डोकं न काढता म्हणत, "होईल सवय."

सवय झाली, ती एका रात्रीत. हे बँकेच्या कामासाठी बाहेरगावी गेलेले, आणि मुलाला सडकून ताप. कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत मी एकटी रडकुंडीला आलेली. दोन वाजता कडी वाजली. शेजारच्या काकू. "इतक्या रात्री दिवा दिसला, म्हटलं बघावं." त्यांनी आपल्या मुलाला सायकलवरून डॉक्टरांकडे पिटाळलं, मला चहा करून पाजला आणि उजाडेपर्यंत बसून राहिल्या. माझी भेंडी मोजणारे डोळे तेच, आणि माझा दिवा बघणारेही तेच. त्या दिवसापासून मी कुरकुर सोडली.

मग काकूंनीच मला गावात मिसळवलं. आमची बारा जणींची भिशी होती, महिन्याला दहा रुपये. चिठ्ठी काढायला कुणाचं तरी शेंबडं पोर बसवायचं. पण कुणाच्या घरी आजारपण निघालं किंवा लेकीचं बाळंतपण आलं की काकू डबा बाजूला सारत. "या बारीला चिठ्ठी नको. हिला देऊन टाका." कागद नाही, सही नाही, आणि एक पैसा कधी बुडला नाही. माझं शिलाई मशीन त्या भिशीतलंच, अजून चालतंय.

रविवारी डबे घेऊन आम्ही धरणावर जात असू. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. त्या नाथसागराचं पाणी पाहून मुंबईची मी समुद्राची आठवण काढी. काकू मात्र पाण्याकडे बघून गप्प होत. त्यांचं माहेर त्याच पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एक होतं. "माय, तिथं कुठंतरी आमचा उंबरठा आहे," एवढंच एकदा म्हणाल्या.

पण पैठणचं खरं रूप पाहायचं तर नाथषष्ठीला. १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला एकनाथ महाराजांनी गोदावरीत देह ठेवला, म्हणून त्या दिवसांत लाखो वारकरी दिंड्या घेऊन येतात. गावात पाय ठेवायला जागा नसते. ओळखीचं-बिनओळखीचं, ज्याच्या घराला ओटी आहे त्याच्या ओटीवर माणसं. पहिल्या वर्षी आमच्या दोन खोल्यांत सतरा जण उतरले. मी घाबरून काकूंना म्हटलं, "एवढ्यांचा स्वयंपाक?" त्या हसल्या. त्यांची युक्ती तुम्हालाही सांगते, घरी अचानक पाहुणे आले तर उपयोगी पडेल. बेसन आदल्या दिवशीच कोरडं, मंद आचेवर खमंग भाजून डब्यात भरून ठेवायचं. ऐनवेळी थंड पाण्यात सरसरीत कालवून उकळत्या फोडणीत ओतलं की पिठल्यात गुठळी म्हणून होत नाही. आणि भाकरीचं पीठ कढत पाण्यानं भिजवून, थापलेली भाकरी भाजल्यावर धुवट पंचात गुंडाळून टोपलीत ठेवली की संध्याकाळपर्यंत मऊ राहते.

षष्ठीच्या चार दिवस आधी, तुकाराम बीजेला, रांजणाची पूजा होते. नाथांच्या वाड्यात हा रांजण आहे. देव श्रीखंड्या नावानं नाथांच्या घरी बारा वर्षं राबले, गोदावरीचं पाणी कावडीनं आणून या रांजणात भरत होते, अशी श्रद्धा. बीजेपासून लोक कळशी-घागरीनं पाणी आणून त्यात ओततात. हजारो घागरी पडल्या तरी रांजण भरत नाही. देवाची कावड ज्या क्षणी त्यात पडते, तेव्हाच तो भरून वाहतो, म्हणतात. ते दिवस गावात एकमेकींना भेटलं की पहिला प्रश्न तोच: "रांजण भरला का?"

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसले, ते सांगते. इतकी वर्षं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

१९८६ च्या पावसाळ्यात काकूंचे यजमान गेले. काकू तेव्हा पंचेचाळिशीच्या. वर्ष झालं, त्यानंतरची संक्रांत आली. त्या वर्षी भिशीच्या हळदीकुंकवाची पाळी माझ्याकडे. तिळाचा पाक मला अजून धड साधत नव्हता, म्हणून सकाळी काकूच येऊन बसल्या. पाण्यात थेंब टाकून गोळी वळते का ते बघायचं, हातांना तूप लावायचं, लाडू गरम असतानाच भराभर वळायचे. दीडशे लाडू त्यांनी वळले. त्यांच्याच घरचं पातेलं, त्यांच्याच घरची सतरंजी. चार वाजता बायका यायची वेळ झाली तशा काकू उठल्या, हात धुतले, पदर सारखा केला. "येते गं," म्हणाल्या आणि मागच्या दारानं निघून गेल्या.

आणि मी गप्प बसले. "थांबा ना काकू" एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. मी पदवीधर, मुंबईत वाढलेली, माहेरच्या पत्रांतून या गावाच्या जुन्या वळणाची थट्टा करणारी! मला कुणी अडवलं नव्हतं. कुणी तसं सुचवलंसुद्धा नव्हतं. बायका काय म्हणतील, या नुसत्या विचारानं मी त्यांना जाऊ दिलं. संध्याकाळभर मी हळदकुंकू लावत होते, अत्तर लावत होते, वाण देत होते. सगळ्याजणी लाडवांची तारीफ करत होत्या. "पाक छान जमलाय हो तुम्हाला!" त्यालाही मी नुसती हसले. रात्री बाहेर येऊन पाहिलं तर काकूंच्या खिडकीत दिवा नव्हता. माझा दिवा दिसला म्हणून त्या रात्री दोन वाजता आल्या होत्या. मी काही गेले नाही.

दोन महिन्यांनी बीज आली. मी कळशी घेऊन रांगेत उभी राहिले, तर पुढं काकू. नदीवरून आणलेली तांब्याची घागर कमरेवर. रांगेत सासुरवाशिणी होत्या, म्हाताऱ्या होत्या, कपाळ मोकळं असलेल्या होत्या, कुठल्या गावच्या कोण, कुणी विचारत नव्हतं. सगळ्यांचं पाणी एकाच रांजणात पडत होतं. काकूंनी मागं वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "दे ती कळशी इकडं. खांदा दुखतोय ना तुझा कालपासून?" माझा खांदा दुखतोय हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं. मला तिथं रडू फुटलं. आजूबाजूच्यांना वाटलं, भक्तीनं.

वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारं अस्पृश्याचं पोर नाथांनी कडेवर उचलून घेतलं, ती गोष्ट आपण पोरांना शंभरदा सांगतो. ती याच गावची, याच नदीच्या वाळवंटातली. आणि मी भिंतीपलीकडच्या बाईला हाक मारू शकले नव्हते.

पुढच्या संक्रांतीला मी काकूंकडे बोलवायला गेले. त्या कानावर हात ठेवून म्हणाल्या, "मला नको गं. उगीच तुला बोल लागेल." त्याच्या पुढच्या वर्षी मात्र मी त्यांच्या घरात ठाण मांडून बसले. "तुम्ही आल्याशिवाय मी करणारच नाही." आल्या एकदाच्या. मी सगळ्यांसारखंच त्यांना हळदकुंकू लावलं. हात थरथरत होता, माझाही आणि त्यांचा चेहराही. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता. दोघी जणी वाण न घेता उठल्या आणि निघून गेल्या. त्यांतल्या एक तर आमच्या आळीतल्या मोठ्या घरच्या वहिनी. पुढच्या महिन्यापासून आमची भिशी दहा जणींची झाली. उरलेल्यांपैकीही दोघी-तिघी बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत. हे सगळं गोड झालं असं खोटं कशाला सांगू?

१९९१ साली यांची बदली औरंगाबादला झाली आणि आम्ही इथं शहरात घर केलं. पण जाणं-येणं तुटलं नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये धरणाचे दरवाजे उघडावे लागले, गोदावरीला महापूर आला आणि पैठणात पाणी शिरलं. काकूंचं घर उतारावर. मी फोनवर फोन लावतेय, कुणी उचलेना. दोन दिवसांनी निरोप मिळाला: काकू सुखरूप आहेत, मोठ्या घरच्या वहिनींकडे. होय, त्याच! पाणी चढायला लागल्याबरोबर वहिनींनी मुलाला पाठवून काकूंना उचलून आणवलं, माडीवर आठ दिवस ठेवून घेतलं, आपल्या ताटात जेवू घातलं. वाण न घेता उठून गेलेली बाई ती हीच. तेव्हापासून कुणाला एका शब्दात चांगलं की वाईट म्हणायचं मी सोडून दिलंय.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. पेपरात वाचलं तेव्हा वाटलं, एका गावानं सगळ्यांदेखत हात वर करून हे केलं, आणि मला एका खोलीत तीन शब्द जड झाले होते. पण ठराव झाला तरी मागचं दार घराघरांत असतंच. ते लावायचं की उघडं ठेवायचं, हे शेवटी घरातल्या बाईच्याच हातात असतं.

वहिनींचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मागच्या संक्रांतीच्या आधी त्यांचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलणं झालं, मुलांचं, गुडघ्यांचं, तिळाच्या भावाचं. मग जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मी "हॅलो, हॅलो" करतेय. मग हळूच आवाज आला, "तुमच्याकडं हळदीकुंकू आहे ना गं? मी आले तर चालेल का?"

मी म्हटलं, "वहिनी, तुमचं त्या वर्षीचं वाणसुद्धा द्यायचं राहिलंय."

त्या आल्या. काकूही आल्या, नातसुनेचा हात धरून. दोघींनी एका सोफ्यावर बसून लाडवाला नावं ठेवली, पाक कच्चा राहिलाय म्हणून. राहिलाच होता.

काकूंना आता घागर उचलत नाही. तरी यंदाच्या बीजेला तांब्याभर पाणी घेऊन गेल्याच. संध्याकाळी मी फोन केला, "रांजण भरला का काकू?"

"कुठला! अजून लोक ओततायत की," त्या म्हणाल्या. "तू कधी येतेस?"