पुठ्ठ्याचं स्टेशन उलटं करून पाहताना

स्टेशनच्या इमारतीचं हाताने केलेलं जुनं मॉडेल हाती आलं की जाणकार आधी ते उलटं करतो. दर्शनी बाजू लोकांसाठी रंगवलेली असते. करणाऱ्याचा हात दिसतो तो तळाशी आणि आत: पेन्सिलीच्या आखणीच्या रेघा, पिवळा पडून ठिसूळ झालेला सरस, पुठ्ठा वाकू नये म्हणून कोपऱ्यांत चिकटवलेल्या काड्या, इवल्या दिव्याची तार आत घेण्यासाठी पाडलेलं भोक. मग खिडक्या. साच्यातून निघालेल्या खिडक्या तंतोतंत सारख्या असतात, पात्याने कापलेल्या प्रत्येकीत केसभर फरक असतो. त्या फरकासाठीच असं मॉडेल जपावं. रंग उडाला म्हणून नवा हात फिरवणारे उत्साही लोक त्याचं फार नुकसान करतात.

मग दाराला पट्टी लावायची. जगभर रुळलेल्या ‘एचओ’ प्रमाणात खरी वस्तू ८७ पट लहान होते. दोन मीटरचं दार २३ मिलिमीटरचं भरतं. माप जुळलं तर करणाऱ्याने हिशेब केलेला आहे. दार मोठं आणि छप्पर बुटकं निघालं, तर बहुधा त्याने आठवणीतून काम केलं. त्याला त्या स्टेशनात काय मोठं वाटलं होतं, हे मग कळतं.

या छंदात अमेरिकेच्या जॉन ॲलनचं नाव आदराने घेतात. पेशाने छायाचित्रकार असलेल्या या माणसाने आपल्या इमारतींवर काजळी, गंज, उन्हापावसाचे ओघळ चढवले. वापराने आलेलं म्हातारपण मॉडेलात आणलं. जानेवारी १९७३मध्ये तो गेला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या घराला लागलेल्या आगीत त्याचं बहुतेक काम नष्ट झालं. आज त्याची ओळख मुख्यत्वे त्यानेच काढलेल्या फोटोंतून होते.

महाराष्ट्रात या ध्यासाचं घर पुण्यात, कोथरूडला आहे. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ला लोकांसाठी खुलं झालं. सिग्नल, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या गाड्या पाहताना मुलांइतकेच आजोबाही पुढे झुकतात.

अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वरला मात्र रेल्वेच नाही. शेजारच्या चांदूर आणि धामणगावच्या नावापुढे ‘रेल्वे’ लागली, नांदगावच्या नावापुढे खंडेश्वर महादेव. तरी इथल्या एखाद्या पोराला मॉडेल करावंसं वाटलं, तर त्याने काय करावं? बडनेऱ्याच्या मोठ्या लाइनीपासून सुरुवात केली तर पहिल्याच दिवशी गाडं अडेल. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद; ८७ने भागलं तर १९ मिलिमीटरांहून थोडं जास्त येतं आणि बाजारातला एचओचा रूळ साडेसोळाचा. मॉडेलकाराला एक तर रूळ स्वतः घडवावा लागतो, नाहीतर खोटं माप मान्य करावं लागतं.

वऱ्हाडातल्या ‘शकुंतला’ या छोट्या गाडीचं तसं नाही. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर, दुसरीकडे कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळ अशी ही नॅरोगेज लाइन. खाजगी कंपनीची मालकी आणि कापसाची वाहतूक यांसाठी ती ओळखली गेली. १९२१मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिच्यावर १९९४पर्यंत राबलं. तिची रुंदी ७६२ मिलिमीटर. ८७ने भागून पावणेनऊच्या आसपास. दुकानात मिळणारा ‘एन’ गेजचा ९ मिलिमीटरचा रूळ तिला जवळजवळ नेमका बसतो. म्हणजे वऱ्हाडातल्या नवशिक्यासाठी सगळ्यांत सोपी गाडी त्याच्याच मुलखातली आहे.

रूळ विकत मिळेल, स्टेशनं मिळणार नाहीत. गाडी काही वर्षांपासून बंद आहे आणि रिकाम्या इमारतीची कौलं, चौकटी, लोखंडी गज फार दिवस जागेवर राहत नाहीत. कारंज्याला जाणाऱ्या कुणीही मोजपट्टी आणि वही बरोबर न्यावी. दाराची उंची, भिंतीची लांबी, तिकीट खिडकीची रुंदी, छपराचा उतार एवढं टिपावं. फोटो काढताना भिंतीला टेकून एक मीटरची काठी उभी करावी. तेवढ्यावर पुठ्ठा कापायला बसता येतं.