ताई, आवाज तुटतोय!

‘हॅलो... ऐकू येतंय का?’ हे आपल्या पिढीचं राष्ट्रीय वाक्य म्हणून जाहीर करायला काहीच हरकत नाही. सकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये तेच, रात्री गेममध्ये तेच. फरक एवढाच, की मीटिंगमध्ये आवाज गेला तर मनातल्या मनात बरं वाटतं. गेममध्ये आवाज गेला तर आपला माणूस मरतो. स्क्रीनवरचा का होईना, पण मरतो!

मी शूटर गेम्स खेळते. हो, मुलगी असून. हो, नोकरी सांभाळून. आणि हो, तिशी समोर दिसत असून! दिवसभर वाशीतल्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आकडे जुळवायचे. रात्री रूममेट झोपली की हेडफोन लावायचे आणि विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारायची. सोबतीला असतो माझा धाकटा भाऊ. तो म्हसळ्यात, आमच्या घरी. म्हसळा माहीत नाही? वीकेंडला श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वरला जाताना माणगावहून आत वळता, घोणसे घाट पार करता, मग एका नाक्यावर वडापाव खाऊन पुढे सुटता ना? तेच म्हसळा. तालुक्याचं ठिकाण आहे बरं का!

आता आम्हा बहीण-भावाचं फोनवरचं बोलणं ऐका. ‘जेवलास?’ ‘हं.’ ‘काय केलं आईने?’ ‘भाकरी.’ ‘कॉलेज?’ ‘बरंय.’ ‘ठेवू?’ ‘ठेव.’ संपलं. चाळीस सेकंद!

हाच मुलगा गेममध्ये दोन-दोन तास बोलतो. बाबांचं ब्लड प्रेशर, गोठ्यातली गाय, कॉलेजातली कुणीतरी जिचं नाव अजून मला कळलेलं नाही... सगळं. याचं कारण मला हल्ली हल्ली उमगलंय. आमचे बाबा आणि काकासुद्धा समोरासमोर बसून कधी बोलत नाहीत. संध्याकाळी अंगणातल्या कट्ट्यावर शेजारी शेजारी बसतात, समोर बघतात आणि मग जमिनीच्या वाटणीपासून आजारपणापर्यंत सगळं निघतं. गेम म्हणजे आमचा कट्टा. डोळे समोर, हात कामात, तोंड मोकळं.

आमची भाषाही खास आहे. समोरच्या घराचा वरचा मजला म्हणजे ‘माळा’, व्हरांडा म्हणजे ‘पडवी’. एरँगल नावाच्या मॅपवर दक्षिणेच्या बेटाकडे जाणारे पूल आहेत, त्यांचं नाव आम्ही ‘दिघी’ ठेवलंय, कारण पलीकडे जायला दिघीहून आगरदांड्याची जेटी पकडावी लागते तसंच तिथे अडकायला होतं. ‘ताई, पडवीत एक, माळ्यावर दोन!’ एवढं पुरतं. अशा गेममध्ये लांबलचक वाक्याला वेळच नसतो.

पण हे सगळं लटकलेलं असतं एका आवाजाच्या धाग्यावर. आणि धागा तुटतो. सारखा तुटतो.

आमचा तर पहिल्यापासूनच तुटत आलाय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी वाशीत अडकले होते. भाऊ दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाल्याच्या आनंदात होता. रोज रात्री पबजी चालायचं. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, सगळा पट्टा झोपला. विजेचे खांब आडवे, टॉवर बंद. गेममध्ये त्याच्या नावापुढे ‘ऑफलाइन’ दिसत राहायचं आणि मी ते नाव बघत बसायचे. सातव्या दिवशी तो कुणाच्या तरी बाइकवरून रेंज मिळेल तिथपर्यंत गेला आणि फोन केला. ‘सगळे बरे आहेत. पत्रे गेले. वाडी गेली.’ वाडी म्हणजे आमची सुपारी आणि नारळ. बाबांनी आणि आजोबांनी लावलेली.

वीज आली, रेंज आली, तर २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अॅप्सवर बंदी घातली आणि त्यात पबजी मोबाइल गेलं! जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने ते परत आलं, २८ जुलै २०२२ ला पुन्हा बंद, २९ मे २०२३ ला पुन्हा चालू. लोकांसाठी ही गेमची बातमी होती. माझ्यासाठी भावाची लाइन येण्या-जाण्याची.

बरं, गेम नीट चालत असताना आवाज का तुटतो? मला वाटायचं दोन्ही एकच. तसं नसतं. बऱ्याच गेम्समध्ये खेळाचा सर्व्हर वेगळा आणि आवाजाचा वेगळा असतो. म्हणून गोळ्या झकास सुटतात आणि भाऊ मात्र रोबोसारखा बोलतो. आपण बोललो, की फोन आवाजाचे बारीक तुकडे पाडतो. साधारण २० मिलिसेकंदांचा एक, म्हणजे सेकंदाला ५०. हे तुकडे सुटे सुटे निघतात. वाटेत एखादा हरवला तर तो परत मागवत बसत नाहीत, कारण उशिरा आलेला शब्द काय कामाचा? ‘मागे बघ!’ हा निरोप दोन सेकंदांनी आला तर तो फक्त शोकसभेत वाचायचा! एखाद-दुसरा तुकडा गेला तर फोन अंदाजाने जागा भरून काढतो. बरेच गेले की रोबो. उशिराचंही गणित आहे. एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचला तर बहुतेकांना काही जाणवत नाही. त्यापुढे दोघं एकमेकांच्या वाक्यात पाय घालायला लागतात.

उरलेली वाट आपण आपल्या हाताने लावतो. दोन-तीन हजारांचे ब्लूटूथ इअरफोन घ्यायचे आणि माइक चालू केला की आवाज विहिरीतून आल्यासारखा! कारण गाणी ऐकताना ब्लूटूथ एका वाटेने जातं आणि माइक लागला की बरेचसे इअरफोन फोन कॉलच्या जुन्या, अरुंद वाटेवर उतरतात. शिवाय ब्लूटूथचा स्वतःचा उशीर वेगळाच. कुणी स्पीकरवर खेळतो, मग आपलाच आवाज त्याच्या माइकमधून आपल्याकडे पाहुणा म्हणून परत येतो. आणि ऐन मोक्याला आत्याचा फोन आला, की माइक सरळ आत्याच्या ताब्यात!

आता ती रात्र सांगते. २०२३ चा जुलै. म्हसळ्यात पाऊस म्हणजे काय विचारू नका. वादळानंतर घराला नवे पत्रे टाकलेले, त्यावर पाऊस ताशा वाजवत होता. घरातल्या हवेत मात्र वेगळाच विषय होता. बाबांच्या ओळखीच्या एकांनी कुवेतला स्टोअरमध्ये नोकरीचं बघितलं होतं, भावासाठी. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला नाहीतर आखातात, त्यामुळे यात नवल काही नाही. बाबा खूश होते. भाऊ नेहमीसारखा ‘बरंय’ म्हणत होता.

आम्ही दोघं एका भिंतीआड लपलो होतो. तो अचानक म्हणाला, ‘ताई, एक सांगू? मी... कुवेत... जाणार... बाबांना...’

मधला सगळा आवाज गेला. ‘परत बोल, तुटलं.’ पुन्हा खरखर. मग चॅटमध्ये त्याने टाइप केलं, ‘काय नाय. खेळ.’

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. ‘काल काय सांगत होतास?’ ‘काही नाही.’ ‘जाणार म्हणालास का?’ ‘बघू.’ ‘ठेवू?’ ‘ठेव.’ चाळीस सेकंद!

म्हणजे ऐकायचं तर गेममध्येच ऐकायला हवं होतं. मग मी ते प्रोजेक्टसारखं हातात घेतलं. त्याला सांगितलं, ब्लूटूथ काढ, नाक्यावरून वायरवाले इअरफोन आण, शंभर-दीडशेचे. पत्र्याखालून ऊठ. पावसाची सलग घरघर कापायला फोन जातो आणि सोबत आवाजही कापतो. माळ्यावर रेंज चांगली, तर भिंतीजवळच्या खिडकीशी बस. माइक सतत उघडा ठेवू नकोस, बोलायचं तेव्हाच दाब. आईचा फोन रीचार्जवाला आहे, त्याचा हॉटस्पॉट लाव. तिसऱ्या रात्री आवाज असा स्वच्छ आला, की खिडकीखालचा बेडूकही ऐकू आला.

आणि मग तो बोलला. ‘मी नाही जाणार कुवेतला. बाबांना कसं सांगू कळत नाही. वादळानंतर लावलेली सुपारी धरायला अजून दोन-तीन वर्षं आहेत. मी गेलो तर बघणार कोण?’

त्या रात्री हरवलेल्या तुकड्यांत नेमका ‘नाही’ होता! हा शब्द म्हणायला किती लागतं? पाव सेकंद. म्हणजे दहा-बारा तुकडे. तेवढ्यावर एका मुलाचं कुवेत की म्हसळा अडकलं होतं.

बाबांशी मी बोलले. पटकन पटलं नाही. ‘वाडीच्या भरवशावर बसून निसर्गात काय झालं बघितलंस ना?’ हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता आणि आजही नाही. शेवटी ठरलं, आधी बी.कॉम. पूर्ण करायचं, मग वाडी. २०२५ मध्ये तो पास झाला. सकाळी वाडीत असतो, दुपारनंतर एका पतपेढीत हिशेब लिहितो. बाबा अजून अधूनमधून कुवेतचं नाव काढतात. असो.

पण व्हॉइस चॅटचा आणखी एक प्रॉब्लेम आहे, ज्यावर शंभर रुपयांची वायर चालत नाही. चार जणांच्या टीममध्ये दोघं आम्ही आणि दोघं अनोळखी. मी तोंड उघडलं, की ‘अरे, लडकी है क्या?’ मग एक तर गोड गोड बोलणं सुरू, नाहीतर ‘जा, रोटी बना’ किंवा त्याहून घाण. जाऊ दे, छापण्यासारखं नाही. म्हणून मी माइक बंद ठेवायचे आणि फक्त खुणा टाकायचे. तोंड न उघडता खेळता यावं अशी सोय गेमवाल्यांनीही केलीय. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या एपेक्स लेजेंड्सची खुणांची पद्धत तर नावाजली गेली. २०२३ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीने बोलणं ऐकून शिवीगाळ पकडणारं एआय बसवलं, पण सुरुवात इंग्रजीपासून आणि त्यात आशिया वगळलेला. आपल्याकडच्या शिव्या तोवर सुखरूप!

एका रात्री माझा माइक चुकून नव्हे, मुद्दाम चालू होता आणि भावाने ते सगळं पहिल्यांदा ऐकलं. मॅच संपल्यावर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘ताई, तू रोज हे ऐकतेस?’

‘म्हणून तर बंद असतो.’

यावर त्याने जुगाड काढला. मी ऑफिसच्या फोनवरून आजीच्या बटणवाल्या फोनला कॉल लावायचा. तो फोन याच्या एका कानाला मफलरने बांधलेला! मी सांगणार, तो टीमला ओरडून सांगणार. आम्ही भराभर जिंकायला लागलो. अनोळखी पोरं त्याला ‘भाई, क्या दिमाग है!’ म्हणायची. तो लाजायचा. मला आधी हसू यायचं, मग हळूहळू राग. दिमाग माझा, आवाज त्याचा!

मागच्या पावसाळ्यात एकदा शेवटच्या वर्तुळात आम्ही चौघं आणि समोर तिघं. तेवढ्यात म्हसळ्याची लाइट गेली, मागोमाग रेंज. भाऊ जागच्या जागी पुतळा. बटणवाला फोनही मुका. आणि मला दिसत होतं, दगडामागून दोघं येतायत.

मी माइक उघडला. ‘लेफ्ट में पत्थर के पीछे दो हैं. एक पेड पे.’

सेकंदभर शांतता. मग एक जण, ‘अरे, लडकी...’ आणि दुसरा, ‘चूप कर. सुन उसकी.’

आम्ही दुसरे आलो. जिंकलो असतो तर गोष्ट छान झाली असती, पण झाडावरच्याने मला टिपलं. तेव्हापासून मी बोलते. बकवास करणाऱ्याला म्यूट करते, दिवस वाईट असेल तर सगळ्यांनाच करते. हा इलाज नाही, कळतंय मला. निम्मी टीम म्यूट करून खेळणं म्हणजे एका हाताने टाळी. पण माझी माहिती आता माझ्याच आवाजात जाते.

भावाची रेंज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पहिला प्रश्न, ‘मी गेल्यावर काय झालं?’ मी म्हटलं, ‘रात्री सांगते. माळ्यावर ये.’