पाच दिवसांचे अंदमान

लग्नाला चौतीस वर्षे झाली. माहेर आणि पंढरपूर सोडले तर आमची ही कुठे मुक्कामाला राहिलेली नाही. या जानेवारीत आम्ही दोघे अंदमानला जायचे ठरवले आहे.

डोंबिवलीच्या मुलाने बेत आखला: पाच दिवसांत सहा बेटे! ही म्हणाली, "अरे, ही सहल आहे की लावणीची घाई?"

मग आम्हीच तो बदलला. चेन्नईहून जहाजाला जवळजवळ तीन दिवस लागतात, म्हणून विमान. जानेवारीत तिथला पाऊस ओसरलेला असतो, इकडे भाताची झोडणीही आटोपते. तिथे घड्याळ आपलेच, पण सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे पहाटेच बाहेर पडायचे. ती सवय आपल्याला आहेच.

बेटे दोनच बघायची. एक स्वराज द्वीप, आणि त्याआधी पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव २०२४ पासून श्री विजय पुरम आहे. तिथल्या सेल्युलर जेलच्या सात इमारतींपैकी तीन उरल्या आहेत. १९११ साली सावरकरांना आपल्या ठाण्याच्या तुरुंगातूनच तिकडे नेले, कोलू ओढायला लावला. बेड्या घालून नेलेल्यांना परतीच्या तारखेची खात्री नव्हती. आमच्या तिकिटावर ती छापलेली असेल. तिथे घाईने फिरणे बरे दिसणार नाही.

पण हिचा पहिला प्रश्न होता, "म्हशीची धार कोण काढील?" शेजारच्या वहिनींनी हो म्हटले, तेव्हा कुठे ती हसली. तुम्हीही निघणार असाल, तर आधी गोठ्याची सोय करा. तिकिटे मागाहून काढा.